थंडा ट्रॅक्टर पाहिजे होता

मी मूळची रामटेककडची, धानवाल्या गावातली. माहा बाप पाटलाचा ट्रॅक्टर चालवे, मी मडगार्डावर बसून त्याच्यासंगं चिखलणीले जायची, अन् तो म्हणे, पोट्टी, यंत्राले आधी हात लावून पाहाय, मंग मालकाचं आयक. लगन होऊन काटोलकडे आली, इकडे सगळी संत्र्याची बाग, धानाचा वासही नाई, पहिल्या वर्षी तं मी रडूनच राहिली होती. पण ते जाऊ द्या, ट्रॅक्टरचं सांगते.

आमच्या बागेत नवा मोठा ट्रॅक्टर घुसत नाई, फांद्या मोडते, म्हणून जुना लहान पाहिजे होता. पहिले कळमन्याजवळ एका दलालाकडे गेलो. नवा रंग असा चमकून राहिला होता, आमचे मालक तं पाहूनच खुश. मी बोनेटवर हात ठेवला तं गरम. म्हटलं, भाऊ, आमच्या येण्याआधी काहून सुरू केला? गरम इंजिन कोणतंही लागते, चटकन सुरू होते, खोट थंड्यातच समजते. तो मले बोलेचना, मालकाले म्हणे, बाईमाणसाले काय समजते. तं हे म्हणाले, तिलेच समजते गा, मले नाई समजत. काय सांगू तुम्हाले, चाळीस वर्षांच्या संसारात असं कधी बोलले नव्हते.

मंग माह्या माहेराकडेच एक म्हातारे बाबाजी सापडले, शेती थकली, लेक पुण्याले. ट्रॅक्टर चिंचेखाली उभा, रंग उडालेला, फाटक्या सीटवर पोतं. हात लावला, थंडागार. म्हटलं, बाबाजी, लावा. दोनदा घरघरला, जरासा पांढरा धूर सोडला, अन् मंग एका तालात असा लागला, असा लागला, मले बापाजवळ बसल्यावानी वाटलं. बाबाजी म्हणे, भंगारवाल्याले मी नाई देल्ला, तू कापून तं नाई टाकशीन वं बाई? म्हटलं, चालवीन. त्याच्या म्हातारीनं ट्रॅक्टरले कुंकू लावलं, मलेही लावलं, अन् आम्ही वळणापार जाईपर्यंत दोघं रस्त्यावर उभेच.

आता तीन वर्षं झाले, बागेत तोच चालते. पार्ट लवकर भेटत नाई, मालक चिडते, चिडू द्या. बाबाजीचे डोळे गेले, बाजेवरच असते. महिन्यातून एकदा फोन येते, म्हणे, बाई, लाव जरासा. मी मोबाइल इंजिनापाशी धरते. तो कान देऊन आयकते, मंग म्हणे, डिझेलचा फिल्टर साफ कर वं. मी खोलून पाह्यते, तं खरंच कचरा निघते. देव त्या म्हाताऱ्याचे कान शाबूत ठेवो.