हात बांधून बसलेल्या बाई

आई : तुमच्या खात्यानं आमच्या बाईंचा गळा कापला, साहेब! तोही त्यांनी काम चोख केलं म्हणून!

साहेब : अहो, आधी बसा. आवाज खाली. कोण बाई?

आई : या काय, समोर उभ्या आहेत. शाळेतल्या विशेष शिक्षिका. तपासणीला आलात तेव्हा दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर हात बांधून बसल्या होत्या ना?

साहेब : हां, आठवलं. सबंध तासभर नुसत्या बसून. आणि ही तुमची मुलगी फळ्यावर एकटी गणित सोडवत होती. मदत लागतच नाही, तर पद कशाला ठेवायचं? म्हणून यांची बदली केली.

आई : अहो, लागत नाही हीच तर यांची कमाई!

बाई : ताई, हळू. आपण भांडायला नाही आलो.

आई : तुम्ही नसाल आलात, मी आलेय. साहेब, मी गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसते, माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. सगळ्या रस्त्यात तो दाबायची वेळ आली नाही, तर काय म्हणाल? फुकट बसून आली?

साहेब : ते वेगळं हो.

बाई : फारसं वेगळं नाही, साहेब. आठवीत आली तेव्हा फळ्यासमोर गेली की हिची वाचाच बसायची. मी खडूसकट हात धरायचे. मग हात सोडला, नुसतं बोट दाखवायचे. मग दारापाशी उभी राहायला लागले. मागच्या बाकापर्यंत पोचता पोचता दहावी उजाडली. उत्तर ओठांवर येतं आणि गिळावं लागतं. शिकवणं सोपं हो, गप्प बसणं जीव काढतं.

आई : आणि मी यांच्याशी कडाकडा भांडले होते, पोरीला वाऱ्यावर सोडलंत म्हणून! पूर्वी ही काहीही विचारलं की नुसती मान हलवायची, साहेब. आता म्हणते, ‘कळलं नाही, परत सांग.’ त्या एका वाक्यासाठी माझ्या कातड्याचे जोडे करून बाईंच्या पायात घातले तरी उपकार फिटायचे नाहीत.

बाई : जोडे नकोत, ताई. आवाज कमी केलात तरी फिटले.

साहेब : हे बघा, मलाही वर उत्तर द्यावं लागतं. आपण मुलीलाच विचारू. काय गं, तुला बाई अजून लागतात?

आई : लागतात म्हणजे काय! अहो...

बाई : ताई, प्रश्न तिला विचारलाय.

(कुणीच बोलत नाही. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.)

साहेब : राहू दे, राहू दे. घाबरली वाटतं.

बाई : घाबरली नाही. जुळवतेय.

मुलगी : मला... थोड्याच लागतात. अडले तर.

आई : अगं ए बाई! इथं कशाला आणलं तुला?

मुलगी : खरं आहे ते, आई. येतं त्याला येतं म्हणायचं, असं बाईंनीच शिकवलं. बाई, थँक्यू.

साहेब : झालं तर मग! मी तरी दुसरं काय म्हणत होतो...

मुलगी : माझं झालं नाही.

साहेब : बरं. बोल.

मुलगी : आठवीत नवीन मुलगी आलीय. फळ्यापाशी बोलावलं की ती बाकाखाली जाऊन बसते. सर ओरडतात. मग ती आणखी आत सरकते. काल बाई पण बाकाखाली गेल्या. काही बोलल्या नाहीत. नुसत्या बसल्या तिच्याजवळ. कपडे मळले त्यांचे.

साहेब : हे मला कुणी सांगितलं नाही.

बाई : तुम्ही दहावीचाच वर्ग बघितलात, साहेब.

मुलगी : बाई गेल्या की तिच्याजवळ कोण बसणार? साहेब, तुम्ही बसाल?