ढोल वाजतोय, मावशी

यानेलिस : आवर ना मावशी! ढोल सुरू झालासुद्धा. माझ्यासाठीच वाजतोय ना?

सोराइदा : तुझ्यासाठीच गं बाई. हलू नकोस, केस विंचरू दे.

यानेलिस : केस कसले, आत बसवताना कापून चार बोटं ठेवलेत तुम्ही! न्हाण आल्यापासून अकरा महिने या खोलीत कोंडून सूत एके सूत. आज बाहेर पडले की अशी नाचणार बघ, समोर नाचणाऱ्याला पाय अडकवून वाळूत पाडणार. आणि सोमवारपासून उरिबियाची शाळा!

एव्हारिस्तो : (भिंतीबाहेरून) सोराइदा! भाची तयार झाली का? मानाउरेचे पाहुणे आलेसुद्धा! ट्रकभर शेळ्या, आणि पोवळ्यांच्या माळा तर अशा, की डोळे दिपतील!

यानेलिस : कुठले पाहुणे?

सोराइदा : तुला मागायला आलेत. तो मिठाच्या ट्रकवाला.

यानेलिस : रामिरो? अगं, त्याची मुलगी माझ्या वर्गात होती!

एव्हारिस्तो : माणूस सोन्यासारखा आहे. मी शब्द देऊन बसलोय.

सोराइदा : मला न विचारता? वा रे भाऊ!... यानेलिस, हळू बोल, ऐक. आत बसलेल्या पोरीला कुणी मागणी घालू शकत नाही. आणि किती दिवस बसवायचं ते मी ठरवते, तुझा मामा नाही.

यानेलिस : म्हणजे परत आत? आज?

सोराइदा : मला तिसऱ्याच महिन्यात बाहेर काढलं होतं. चौथ्यात लग्न. धड गाठ मारता येत नव्हती मला. सासू येईल त्याला माझं विणकाम दाखवायची आणि हसायची. तोंड उघडायची सोय नव्हती.

यानेलिस : अगं पण ढोल वाजतोय, मावशी!

सोराइदा : ऐकू येतोय मला. शाळेचं हे वर्षही जाईल. मी जबरदस्ती करणार नाही.

यानेलिस : आणि मी आत बसले तरी रामिरो थांबला तर?

सोराइदा : तो कसला थांबतोय! पुढच्या महिन्यात दुसरं घर गाठेल.

एव्हारिस्तो : अगं, लोक खोळंबलेत!

सोराइदा : पोर तयार नाही, एव्हारिस्तो. आणखी वर्षभर बसेल.

एव्हारिस्तो : डोकं फिरलंय का तुझं? शेळ्या कापल्या, ढोलवाले आणले! कालच म्हणालीस ना, हिच्यासारखा झुला अख्ख्या गुआहिरात कुणी विणत नाही?

सोराइदा : म्हणाले असेन.

एव्हारिस्तो : आता काय सांगू मी त्यांना?

यानेलिस : सांगा मामा, पोरीला अजून काही येत नाही.