लाल दोरा नसलेला ड्रेस

हॅलो?

हो, मीच. दुकानातला फोन दुसरं कोण उचलणार? बोल चिमणे.

मी बरा आहे. तू बरी आहेस ना? … आणि बाळ?

हां. मग ठीक. भर दुपारी तुझा फोन आला की नको नको ते मनात येतं.

कपडे मिळाले ना? … दोन्ही ड्रेस? … बसतात का?

बसतात म्हणजे कसे? … निळा छातीत ओढतो? … बरं, करू सैल. त्यात काय एवढं. पाचवा महिना संपत आला, आता अंग भरणारच.

काय?

मीच शिवले. म्हणजे काय! मीच.

अगं, कामाची गर्दी होती, घाईघाईत झालं असेल… साहेब, दोन मिनिटं हं, त्या स्टुलावर बसा. मुलीचा फोन आहे… हो, हो, ऐकतोय. गिऱ्हाईक आलंय.

कुठे? गळ्याच्या आत? … लाल दोरा? … राहिला असेल.

माहीत आहे गं मला. शाळेपासून घालतो. तुझा गणवेश त्या जाड्या पोरीच्या गणवेशाशी बदलला गेला आणि तू तिचा घालून रडत घरी आलीस, तेव्हापासून. लाल दोऱ्याचे दोन टाके, फुलीसारखे. … हो, प्रत्येक कपड्याला. … हो, लग्नातल्यालाही. … अगं, विसरतो माणूस! वय झालं माझं.

नाही गं. नाही.

अगं ऐक ना. ऐक तर.

समोरच्या शिंप्याला दिले शिवायला.

हो, समोरचाच. चष्मेवाला. … हो, तोच. मी ज्याला नावं ठेवतो तोच. … ठेवतो ना, अजूनही ठेवतो. निळ्याची छाती बघितलीस ना, काय करून ठेवलंय त्याने? पण कापड मी निवडलं हां. मऊ आहे, धुतल्यावर आटायचं नाही. तेवढं तरी माझं आहे.

कारण काही नाही. काम होतं…

…

नव्हतं काम.

हळू बोल. तुला धाप लागतेय. बसली आहेस ना? … बस आधी.

काय बोलतेस हे? मला बाळाचा आनंद नाही झाला? अगं, कोणी घातलं तुझ्या डोक्यात हे?

हो, तुझ्या घरी बोलावलंस, मी आलो नाही. … हो, दवाखान्यातही बोलावलंस. जावईबापूंची पाळी होती कारखान्यात, माहीत आहे. … आणि तू घरी आलीस तेव्हा मी अस्तर आणायला गेलो होतो.

…

बरं, अस्तर नव्हतं आणायचं.

साहेब, कंबरच सैल करायची ना? इंचभर? … होईल. तेवढं पोट आत ओढू नका, माप खोटं येतं. उभे राहा नेहमीसारखे… नाही गं, तुला नाही म्हणत. तू बसूनच राहा.

हं. सांग.

पायाला गोळे येतात? … झोपेत? आणि बूट घट्ट होतात. … कामावर काउंटरमागच्या उंच खुर्चीत दिवसभर पाय लोंबकळवत बसतेस, दुसरं काय होणार? पायाखाली खोकं घे एखादं. … पोटाला खाज सुटते? … अगं, असलं सगळं बाबाला सांगतात का?

हो. खरंय. मग कोणाला सांगणार?

नाही, नाही, सांग. मी ऐकतो. आई असती तर तिनेच ऐकलं असतं. आता मी आहे. माझे कान लाल झाले तर होऊ देत, तुला कुठे दिसतायत?

म्हणजे काय, दिसतायत? … बरं, कर गंमत.

रेघ? … बेंबीवरून खाली? काळपट? … सगळ्यांनाच येते म्हणतेस? आम्ही कापायच्या आधी कापडावर मधली रेघ मारतो, तशीच की.

त्याला ऐकू येतं? आत्ताच? … अगं, एवढ्याशा जिवाला! बाहेरचंसुद्धा? … माझंही?

थांब. फोन कुठे ठेवलायस तू? … पोटावर? स्पीकरवर? कधीपासून?

देवा रे. म्हणजे आजोबाचं पहिलं बोलणं कानावर पडलं, तेच खोटं.

हसू नकोस. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला.

आता? काय बोलू? … इथे माणूस बसलाय गं. पँट हातात घेऊन बसलाय. … बरं. बरं, बोलतो.

अं… ए. मी आहे. आजोबा. शिंपी आहे मी. … तुझ्या आईचे कपडे मी शिवले नाहीत. शिवायला हवे होते.

…

काय झालं? अगं, काय झालं? … हललं? … लाथ मारली?

बरोबर मारली. मला कोणीतरी मारायलाच हवी होती.

का नाही शिवले, ते ना? सांगतो. पण आधी तो स्पीकर बंद कर. हे त्याने ऐकायला नको. … केलास? … साहेब, तुम्ही जरा… हां, बाहेर उभे राहिलात तरी चालेल. उपकार होतील.

आईचा तो पिवळा ड्रेस आठवतो? … त्याला मी आत दुमडून भरपूर माया ठेवली होती, जादा कापडाची. ती एक दिवस म्हणाली, पोटाला घट्ट होतोय. मी उसवला, सैल केला. महिन्याने पुन्हा घट्ट. पुन्हा सैल केला. वर थट्टा केली, म्हटलं, बाईसाहेब, म्हातारपणी सुख अंगी लागलंय. ती हसली. तिसऱ्यांदा उसवायला आतलं कापडच उरलं नव्हतं, तर मी बाजूला पट्टी जोडली. हौसेने जोडली गं. रंग जुळवून.

आणि खांदे उतरत होते तिचे. दंड बारीक झाले होते. पोट तेवढं वाढतंय आणि बाकी सगळं उतरतंय, म्हणजे आत दुखणं आहे, हे शिंप्याला दिसलं नाही. लोकांचा एक खांदा खाली असला तर मी दारातून ओळखतो. घरच्या माणसाचं माप माझ्या हातात होतं, आणि मी पट्टी जोडत बसलो.

…

डॉक्टर म्हणाले ते मला नको सांगूस. लवकर कळलं असतं तरी, वगैरे. ऐकलंय मी ते. पटत नाही.

तुझे ड्रेस घेऊन बसलो होतो मी मशीनवर. बसलो होतो, खोटं नाही. कापलेसुद्धा मीच. मग पोटाचा घेर आखायला घेतला आणि हात उचलेना. पोट वाढणार म्हणून जास्त कापड सोडायचं… तेवढंच करायचं होतं. नाही झालं. तसेच उचलले आणि समोर नेऊन टाकले. चष्मेवाल्याने विचारलं, स्वतःच्या पोरीचे? मी म्हटलं, डोळ्यांना त्रास आहे. त्याने चहा मागवला माझ्यासाठी. त्याचा चहा प्यायलो मी, काय सांगू.

…

अगं, रडू नकोस. तू रडलीस की बाळाला… बरं, रड. थोडंसंच.

काय म्हणालीस?

डॉक्टरीणबाई? पोट मोजतात, टेपने? … कसली टेप, आमच्यासारखीच? कापडी? … कुठून कुठपर्यंत मोजतात? … वरपर्यंत. दर महिन्याला?

आणि वाढलं तर?

वाढलं तर हसतात.

…



म्हणजे वाढायलाच पाहिजे. नाही वाढलं तर काळजी. … हो, कळलं. कळलं गं, एकदा सांगितलंस तेवढं पुरे.

मी? … मी कसं मोजणार? त्यांचं वेगळं असतं, दवाखान्याचं. … कपड्यांसाठी? दर महिन्याला? … आणि तू माझ्याकडे बघून सांगणार, हसलो का ते?

चिमणे, तू आईवर गेली आहेस. ती पण असंच कोपऱ्यात गाठायची मला.

हो म्हणतो गं. पण माझी टेप सरकली तर इंच-दीड इंच इकडेतिकडे… थांब.

थांब जरा. हा ट्रकचा हॉर्न मला दोनदा ऐकू आला. एकदा फोनमधून आणि एकदा दारातून.

कुठे आहेस तू?

अगं बये! चष्मेवाल्याच्या बाकावर? … कधीची बसली आहेस तिथे? … म्हणजे माझे कान खरंच… दिसलीस, दिसलीस. हात हलवू नकोस, सगळा रस्ता बघतोय. … हाच का तो निळा?

केवढं झालंय गं.

नाही, पाठ नाही फिरवली. टेप शोधतोय. … कुठे? … गळ्यात? … हो. गळ्यातच आहे.

साहेब, तुमची पँट उद्या घ्या. … हो, ती समोर बसली आहे ना, निळ्यातली, ती माझी मुलगी. … हो, आजोबा होणार मी. … नाही, आज पहिल्यांदाच सांगतोय कोणाला… ऐकलंस? ऐकलंस तर ऐक.

अगं, उठू नकोस! रस्ता तू ओलांडायचा नाहीस. मीच येतो तिकडे. … तिथेच घेतो माप, त्याच्या दुकानात. तो बघेल तर बघू दे. नाक तर कापलं गेलंच आहे, आता काय उरलंय?

त्याला म्हणावं, सुई दे एक. … दोरा नको. लाल दोरा मी माझा आणतो.

ठेवतो.