पलंग सुटला की निघू

(आईची खोली. दादा लोखंडी पलंगाखाली आडवा, धाकटी बहीण चिमी टॉर्च धरून, आई खिडकीजवळ खुर्चीत.)

दादा : टॉर्च नीट धर गं. माझ्या तोंडावर काय मारतेस, नटावर मार.

चिमी : मग तोंड बाजूला घे ना. सुटला का एखादा?

दादा : सुटला असता तर मी असा घोरपडीसारखा फरशीला चिकटून राहिलो असतो का? चार पायांना चार नट, आणि एकही हूं की चूं करत नाही.

चिमी : अजून थोडं तेल सोड.

दादा : बाटली संपली. आता पलंग तळायचा तेवढा राहिलाय.

चिमी : खाली टेम्पोवाला हॉर्न देतोय.

दादा : देऊ दे. बाबांनी एक गोष्ट सरळ केली असेल तर शपथ. लोक दुकानातून पलंग आणतात. यांनी भंगारातल्या ट्रकचा सांगाडा कापून घरी आणला. अख्खा दारातून जात नाही, आणि सुटा होत नाही.

चिमी : टिकला तरी. तुझ्याकडचा लाकडी दोन वर्षांत बसला.

दादा : टिकण्याचं कौतुक नको सांगूस. या घरात त्यांनी सगळंच आवळून ठेवलंय. नळ बघ, खिडकीची कडी बघ. आई, साखरेची बरणी उघडायला तू त्यांची वाट बघायचीस. आठवतं?

आई : आठवतं. ते आल्याशिवाय माझा चहाच व्हायचा नाही.

चिमी : आणि आले की आधी हात धुवायचे. सगळी मोरी काळी. तू किती चिडायचीस आई.

आई : चिडायचे. आता मोरी पांढरीशुभ्र असते. बघवत नाही मला.

दादा : झालं सुरू. अगं, म्हणून तर म्हणतो, चल माझ्याकडे. इथे एकटी बसून मोरीकडे बघत बसणार का?

चिमी : दादा, हळू बोल.

दादा : मी हळूच बोलतोय. पाना घसरला, सालटं निघालं बोटाचं. बघ. त्यांना जिवंतपणी वेळ नव्हता आपल्यासाठी, आणि गेल्यावर हा असा छळ.

चिमी : वेळ नव्हता काय? दिवसभर राबायचे ते कुणासाठी?

दादा : गिऱ्हाइकांसाठी. तुझ्याच लग्नातलं सांग ना. नवरदेवाची गाडी दारात बंद पडली तर हे नव्या कपड्यांनिशी गाडीखाली.

चिमी : तो फोटो आहे माझ्याकडे. सगळी मंडळी ओळीत उभी, आणि कडेला गाडीखालून बाबांचे दोन पाय.

आई : नवे बूट होते. टाच दिसते त्यात.

दादा : हसा. तुला निदान पाय तरी मिळाले. मला त्यांनी गॅरेजच्या दारात उभं केलं नाही. दिसलो की, घरी जा. मेकॅनिकचा मुलगा आणि आयुष्यभर चपला विकतोय. लोक विचारतात, वडिलांचा धंदा का नाही धरला? काय सांगू? वडिलांना मी हाताखाली नको होतो म्हणून सांगू?

चिमी : त्यांचं बोट गेलं होतं त्या गॅरेजात. तुझं जाऊ नये असं वाटलं असेल.

दादा : मग तोंडाने सांगायचं. तोंड दिलं होतं ना देवाने? इंजिनाशी तासन् तास बोलायचे, माझ्याशी दोन शब्द बोलायला काय झालं होतं? जाऊ दे. बाहेर ये टॉर्च घेऊन. फॅब्रिकेशनवाल्याला फोन करतो. कटर आणेल, चारही पाय कापून टाकू.

आई : कापायचा नाही.

दादा : मग काय करू आई? तूच म्हणालीस, पलंगाशिवाय येणार नाही, पलंग सुटला की निघू. परवा इथे भाडेकरू यायचेत. तिकडे तुझी खोली रंगवून तयार आहे.

आई : म्हणाले होते.

दादा : मग?

आई : तू उलटा फिरवतोयस.

दादा : उलटा कसा? डावीकडे सोडायचं, उजवीकडे आवळायचं. एवढं चपलावाल्यालाही कळतं.

आई : ते साध्या नटाचं. हे ट्रकच्या डाव्या चाकाचे आहेत. त्या ट्रकच्या डाव्या बाजूला आटे उलटे असायचे. सकाळपासून तू सोडवत नाहीयेस, आवळतोयस.

चिमी : दादा.

दादा : हसू नकोस, चिमे. आई, तुला हे माहीत होतं? मी इथे घामाने निथळतोय, आणि तू नुसती बघत बसलीस?

आई : बघत होते.

दादा : का पण? आणि पलंगाला उलटे आटे लावतं का कुणी?

आई : तुझ्यामुळे लावले. लहानपणी पाना दिसला की तू पलंगाखाली. एकदा चिमीला वर निजवली होती, तेवढ्यात तू नट काढलास. पलंग एका बाजूला बसला आणि ही गडगडत माझ्या पायाशी.

चिमी : अरे वा. हे आजच कळतंय मला.

दादा : मग बेदम मारला असेल मला.

आई : मी लाटणं घेऊन उठले होते. हे म्हणाले, मारू नकोस, पोराचा हात चांगला आहे. दुसऱ्या दिवशी हे बोल्ट घेऊन आले. मग तू रोज सोडवायला बसायचास, आणि रोज आवळून उठायचास. पुढे फिरेना की भोकाड पसरायचास. म्हणून तू झोपलास की हे गुपचूप थोडे ढिले करून ठेवायचे. उद्या पोराला फिरवायला काहीतरी हवं, म्हणायचे.

दादा : हात चांगला आहे, म्हणाले?

आई : म्हणाले.

दादा : मला नाही कधी म्हणाले.

आई : तू रुसून बसलास, ते गप्प बसले. दोघंही एका माळेचे मणी, मध्ये मी. आणि आता तू त्यांच्यावर कडी केलीस. भाडेकरू ठरले, रंग ठरला, टेम्पो ठरला. मला सगळं सांगितलंस, विचारलं काहीच नाहीस. राग येतो रे मला.

चिमी : आई, मीसुद्धा नाही विचारलं.

आई : नाही विचारलंस. पण शब्द दिलाय मी. फिरव उजवीकडे. सुटला की निघते.

चिमी : दादा? फिरव ना. टेम्पोवाला पुन्हा हॉर्न मारतोय.

दादा : थांब जरा. आई, तुला यायचंय का माझ्याकडे?

आई : नाही.

दादा : कधीच नाही?

आई : ते कधीचं कधी बघू. आत्ता नाही.

दादा : चिमे, खाली जा. टेम्पोवाल्याला म्हणावं, आज काही नाही.

चिमी : आणि परवाचे भाडेकरू?

दादा : त्यांच्या शिव्या मी खातो. घरी तुझ्या वहिनीच्याही खायच्याच आहेत, त्यात भर. आई, हा पाना कुठे ठेवू?

आई : राहू दे तिथेच पलंगाखाली. तिथेच असायचा. हात दे मला, बसून बघते.

दादा : सावकाश. काय गं, काय ऐकतेस?

आई : ते गेल्यापासून कूस बदलली की कुरकुरायचा. रात्र रात्र झोप नाही. आता वाजत नाही. चांगला आवळलास.