झाकणाच्या आतली तारीख

सकाळी अकरा वाजता जुन्या घड्याळांच्या दुकानात माझ्या पुढच्या बाईंनी चावीचं एक पुरुषी घड्याळ निवडलं.

“काका, मागचं झाकण उघडता?”

“ताई, लोक घड्याळ पुढून बघतात!”

“माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. प्रत्येक झाकणाच्या आत सुईने मासा कोरायचे आणि खाली तारीख. ते घर सोडून गेले, त्याला नऊ वर्षं झाली.”

“म्हणून दर महिन्याला झाकणं उघडायला लावता होय! घ्या भिंग.”

“मासा आहे.”

“आणि तारीख?”

“यंदाच्या मार्चची. काका, हे कुणी विकलं?”

“एका फेरीवाल्याने. तो दर गुरुवारी येतो. कालच येऊन गेला, ताई.”

“म्हणजे अजून सहा दिवस. बांधू नका, चावी देऊन हातातच घालते.”