बोगद्याचं उपाशी तोंड

माह्यं माहेर केळापूरजवयचं, बाप दुसऱ्याच्या वावरात राबे, मीबी राबो, अन् लग्न करून ह्या गावात आली ते सासूच्या हाताखाली. काय सांगू तुमाले, अशी सासू की शिव्या देऊ देऊ जेवू घाले, घास टाकला तरी बोंबले अन् मागतला तरी बोंबले. सारे तिले बुढीच म्हनत. मले कधी नावानं हाक मारली नाही तिनं, केळापूरवाली म्हने.

छप्पनच्या साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला. पोरानं, म्हनजे माह्या नवऱ्यानं सांगतलं, तं घरातले देव बुढीनंच टोपल्यात भरले अन् नदीत सोडून आली, डोयाले पानी नाही. घरी येऊन मातर रिकाम्या कोनाड्याकडे पाहे अन् म्हने, आता दिवा कुठं ठेवू वं. मी म्हनलं, चुलीपाशी ठेवा, उजेड तेवढाच पडते. हसली बुढी. तशी हसे कमीच.

तं बोगद्याचं सांगून राह्यली मी. छोट्या आगगाडीची लाईन गावाच्या मधातून जाये, उंच भरावावरून. बाजार, दवाखाना, एसटी सारं तिकडे, अन् आमी इकडे. बाई अडली तं बाजेवर घालून फाटकापर्यंत वळसा. मंग सरकारनं ठरवलं का भरावाच्या पोटातून बोगदा काढाचा, त्यातून एसटी आमच्या वस्तीपुढून जाईन. दोन्हीकडून खोदत मधात भेटाचं. बाजाराकडच्या मुकादमानं नारळ फोडला, बोकड कापला. इकडे आमच्याच वस्तीचे मजूर, माहा नवरा त्यायच्या पुढं, तो म्हने बोगदा कुदयीनं होते, बोकडानं नाही. मी टोपले वाहो, अन् तान्ही पोरगी तिथंच बाभयीच्या झोयीत.

लोकायनं उठवलं का नवं काम बळी मागते, बाजाराकडलं तोंड जेवलं, तुमच्याकडलं उपाशी हाये, तिकडून घुसून जो पहिले आरपार निघन त्याले खाईन. अन् गंमत पाहा, मधातली माती फुटली, दोन्हीकडचे मजूर एकमेकाले बिड्या देत, पन आरपार कोनी जाईना. आपापल्या तोंडानं आत, आपापल्या तोंडानं बाहेर. देव सोडलेले आमचे बाप्येबी तसेच! नवऱ्याचं डोक्सं फिरलं. म्हने, पहिली बस निघाच्या दिवशी मी पोरीले खांद्यावर घेऊन बसच्या पुढं चालतो, पाहू कोन खाते.

मी भ्याली. लय भ्याली, खोटं कायले सांगू. नवऱ्याचं पटे मले, पन रातच्याले पोरीले छातीशी धरलं का ते पटलेलं सारं उडून जाये. त्याले बोलाची सोय नाही, म्हनन धम्म घेतला तो काय तोंडानं घेतला का. बुढीनं ऐकलं, अन् ताटातली अर्धी भाकर तशीच ठेवून उठली. अन्न टाकनारी नव्हती ती.

बस निघाच्या दिवशी सकायी पान्याले उठली तं बुढी घरात नाही. पाहाले गेली, तं बस येईस्तोवर कोनी घुसू नये म्हनून बोगद्यापुढं बांबू आडवा बांधेल होता, अन् बुढी बाजाराकडून भराव चढून, लाईन ओलांडून, हयूहयू उतरून राह्यली. पायाले बोगद्यातला ओला मुरूम. म्हनलं कुठं गेलत्या? तं म्हने, पान आनाले. हातात पान नाही, बाजार उघडला नाही. मी तिच्या पायाकडे पाहून राह्यली, अन् तिनं पाय लुगड्याखाली घेतले.

मंग म्हने, त्याले सांगू नोको, मन मोडन त्याचं. तो म्हनते ते खरं हाये, भेव खोटंच हाये. पन खोटं भेव झालं तरी लेकराच्या आंगावर कायले टाकाचं वं, मी हावो ना.

मी तिथंच रडली. रडते कायले, मेली का मी, चाल, चूल पेटव, म्हने.

दोन्हीकडे मानसंच मानसं. नवरा पोरीले खांद्यावर घेऊन घुसला, मांगून बस, हॉर्न असा घुमला का पोरगी भोकाड पसरून रडली, अन् बाजाराकडे निघाला तं हे टाया वाजल्या! मंग जल्मभर सांगे, माही पोरगी पहिली गेली. बुढी तमाखू चोये अन् म्हने, हो बापा, तीच पहिली. किती वर्सं जगली त्यानंतर. पोरीचं लग्न पाहूनच गेली. नवराबी गेला आता, त्याले मी कधी सांगतलं नाही.

आता त्या बोगद्यात पानी गयते, मोटारी भोंगे वाजोतेत. नात मले हात धरून बाजारात नेते, अन् तोंडाशी आलं का मी हात सोडवून एक पाऊल पुढं होतो. आजी, घाई काहून करतं, म्हनते. माहा कशावर विश्वास नाही बापा. पाय आपलाच पुढं पडते.

झालं. सुखी राहा, लेकराबायात राहा. तुमची एसटी बोगद्याच्या तिकडून सुटते ना? थांबा, चप्पल घालू द्या. मी येतो तिथलोक. तुमी मांगं राहा, पुढं मी चालतो.