नऊ पॉइंट आठ

प्रॅक्टिकलच्या परीक्षेचं नाव काढलं की माझ्या पोटऱ्या अजून दुखतात बघा. केडगावहून गाडीत उभ्यानंच दौंडला यायचं, आणि कॉलेजात परत उभंच राहायचं. त्या दिवशी खाली फ्लास्कमध्ये ॲसिड, वर ब्युरेटच्या काचेच्या नळीत कॉस्टिक सोड्याचं पाणी. ते थेंबथेंब सोडायचं आणि खाली गुलाबी रंग आला की किती लागलं तो आकडा लिहायचा. माझा रंगच येईना. दोन ब्युरेट रिकाम्या झाल्या. बाकीचे सगळे नऊ पॉइंट आठ लिहून मोकळे, कारण सीनियरांच्या जर्नलमध्ये तोच आकडा होता.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "सगळ्यांना रंग आला, तुलाच कसा येत नाही? पुन्हा कर."

तिसरी ब्युरेट संपल्यावर मीही मुकाट्यानं नऊ पॉइंट आठ लिहिलं. त्यांनी लगेच सही केली.

काचेची भांडी धुताना लॅबचे मामा हळूच जवळ आले. "पोरी, सकाळी बाटलीत सोडा टाकायचाच राहिला बघ. नुसतं पाणी हाय त्यात."

"मामा, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलणार व्हतो गं. पण समद्यांचं उत्तर आलं, तवा मला वाटलं, पाण्यानंबी जमत असंल."